डोंगरामागचे तीन हत्ती

नरेश, तुझ्या शोकसभेला पाच हजार माणूस होतं. बरं, पाचशे. बरं बाबा, मंडपवाल्याने खुर्च्याच शंभर आणल्या होत्या, आणि शेवटच्या दोन रांगांवर माणसांऐवजी पिशव्या बसल्या होत्या. बघ, तू नाहीस तर चढल्यावर खालीही मलाच उतरावं लागतंय. ही वाटणी आपली ठरलेली होती. मी चढायचं, तू उतरवायचं. एवढ्या वर्षांत तू एकही खाडा केला नाहीस, आणि आता बदली माणूस न देता ड्युटी सोडून गेलास.

तू कशाने गेलास, कुठल्या इस्पितळात, मागे कोण कोण, हे सगळं गावदेवीच्या देवळासमोरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. सभेत काय झालं तेवढं सांगतो, कारण तिथे तुझ्या हत्तींचा विषय निघाला आणि तू मागच्या भिंतीला टेकून उभा नव्हतास.

आदल्या दिवशी वंदनावहिनीने मला बोलावून घेतलं होतं. ओटीवर बसवलं, चहा दिला. चहात साखर नव्हती. तुझ्या घरात चहात साखर नसणं हे मी तरी पहिल्यांदा बघितलं. मी गपचूप प्यायलो. मग ती म्हणाली, "भावजी, उद्या तुम्ही बोलनार ना?"

"बोलावंच लागेल. गावचा माइक माझ्याशिवाय कुणाला वळखत न्हाय."

"मनू पुढं बसनार हाय. तिला आता बाप जो काय कळायचा तो ऐकूनच. म्हनून सांगते, जे झालं तेच बोला. फुगवू नका. उद्या पोरगी मोठी व्हईल, कुनीतरी तिला म्हनेल, तुझ्या बापाच्या गोष्टी म्हंजे सगळ्या काथोडच्या थापा. मंग तिच्याकडं ऱ्हाईल काय?"

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. वळ गावात या काथोडचं तोंड असं बंद झाल्याचं कुणी पाहिलं असतं तर पेढे वाटले असते. मी वहिनीला शब्द दिला. जे झालं तेच. तीन म्हणजे तीन.

आता ते तीन काय, हे तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणारे दुसरेही असतील. तर त्यांच्यासाठी जरा मागे जातो. तू कंटाळू नकोस. तसाही तुला आता कुठे जायचंय?

आपण दोघे भिवंडीत अन्वरभाईच्या सायबर कॅफेत जायचो ते दिवस. तू दापोड्याच्या गोडाऊनमध्ये चेकर, दिवसभर ट्रकमधून उतरणारे खोके मोजायचास. मी काही करत नव्हतो आणि ते फार मन लावून करत होतो. कॅफे होता पहिल्या मजल्यावर आणि खाली कापड विणणारे लूम. लूम चालू झाले की वरची जमीन अशी हलायची की माउसला हात लावायची गरज नसायची, बाण स्क्रीनवर आपोआप फिरायचा. (हलायची, एवढं तू मान्य करशील.) तिथल्या मशीनवर तो लढाईचा खेळ होता. जुन्या काळातली राज्यं, त्यांची फौज, आपण सेनापती. भालेवाले, घोडेस्वार, तिरंदाज असं आपल्या आवडीने घ्यायचं आणि समोरच्या मशीनवरच्या माणसाशी लढायचं. दोघांनाही खजिना सारखाच. शहाणा माणूस त्यात भालेवाले घ्यायचा आणि जिंकायचा. तू हत्ती घ्यायचास आणि हरायचास.

हत्ती महाग. दोन-तीन घेतले की उरलेल्या खजिन्यात येतं ते सैन्य म्हणजे वरातीत मागे राहिलेली पाहुणेमंडळी. शिवाय हत्ती हळू. अन्वरभाई तुझ्या मागे उभा राहून म्हणायचा, "नरेशभाई, ये हाथी चल रहा है कि मेरा मशीन हँग हुआ?" पण हळू चालण्यापेक्षा मोठी भानगड दुसरीच होती. हत्तीला पेटता बाण लागला की तो बिथरायचा, मागे फिरायचा आणि तुझंच सैन्य तुडवत सुटायचा. त्यावर खेळात उपाय दिलेला होता. एक बटण दाबलं की वरचा माहूत आपल्याच हत्तीच्या मानेत छिन्नी ठोकायचा. हत्ती जागेवर आडवा, सैन्य वाचलं. मला ते बटण भारी आवडायचं. तू ते एकदाही दाबलं नाहीस.

"दाब की रं ते बटण! तुझीच मानसं मरतायत!"

"न्हाय."

"का पन?"

"त्याला भाजलंय. त्याची काय चूक?"

"अरे पन हरशील!"

"मानसांना बाजूला घेतो ना." आणि तू खरंच एका-एका तुकडीला माउसने उचलून हत्तीच्या वाटेतून बाजूला करत बसायचास. समोरचा तोवर तुझ्या राजधानीत जाऊन चहा पिऊन यायचा.

त्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढं तर जमिनीच्या वाटणीवरून सख्खे भाऊ भांडत नाहीत. मी म्हणायचो, तो हत्ती नाही, ठिपके आहेत रंगाचे. तू म्हणायचास, मग सैनिक पण ठिपकेच, त्यांच्यासाठी ठिपका का मारू? मी तुला पटवायला काय काय सांगितलं होतं, माझा पणजोबा कल्याणच्या खाडीतून हत्तीवर बसून आला होता वगैरे. तू विचारलंस, "भरती व्हती की ओहोटी?" बस. तुझं एवढंच असायचं. एक साधा प्रश्न, आणि माझा पणजोबा हत्तीसकट खाडीत.

एकदा तर तू सगळी लढाईच घालवलीस. भिवंडीत कुणालाही ठाऊक होतं की लाइट जायची असली की आधी पलीकडच्या गल्लीतले लूम थांबतात. ती खटखट बंद पडली की आपल्याकडे चहाचा घोट घेण्याइतका वेळ. अख्खा कॅफे एका आवाजात ओरडायचा, "सेव कर, सेव कर!" आणि अन्वरभाईचा यूपीएस फक्त शोभेला होता, वर अगरबत्ती लावायचा. त्या दिवशी तू जिंकत होतास, आयुष्यात पहिल्यांदा. पलीकडची खटखट थांबली. सगळ्यांनी सेव केलं. तू मात्र एका बिथरलेल्या हत्तीला नदीकडे वळवत होतास, पाण्यात गेला तर शांत होईल म्हणून. मग लाइट गेली, नदी गेली, हत्ती गेला. अंधारात तुझा आवाज आला, "पोचला व्हता पाण्यापर्यंत." हरल्याचं तुला काही नव्हतंच.

आता ती स्पर्धा. आपल्या वळ गावात दर वर्षी क्रिकेटची टुर्नामेंट व्हायची, आणि तिची कॉमेंट्री मी करायचो. माझी कॉमेंट्री ऐकायला पार अकलोली-वज्रेश्वरीकडून माणसं यायची. (माझ्या काकांच्या सासुरवाडीचे दोघे यायचे.) आमच्याकडे एक धाव निघाली तर मी "वाऱ्याच्या पाठीवर बसून फलंदाज पलीकडे" म्हणणार, आणि चेंडू सीमेबाहेर गेला तर तो मी कल्याणला पोचवल्याशिवाय सोडत नसे. त्या वर्षी सगळी तयारी झाली. चषक आला, भोंगे बांधले, प्रमुख पाहुणे ठरले, आणि मग कमिटीच्या लक्षात आलं की मैदान नाही. ज्या शेतात आपण खेळायचो तिथे माझ्याच काकांनी गोडाऊन बांधलं होतं. काका स्वतः कमिटीचे अध्यक्ष. मैदान त्यांनीच घालवलंय, चषक त्यांनीच आणलाय, आणि मीटिंगमध्ये तेच विचारतायत, "मंग खेळायचं कुठं?"

तेव्हा तू, जो मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नव्हतास, तू म्हणालास, "गोडाऊन रिकामंच हाय अजून. आत काम्पुटरवर लढाई लावू."

दुसऱ्या कुठल्या गावाने हे हसण्यावारी नेलं असतं. आपल्याकडे एकाने फक्त विचारलं, "कॉमेंट्री असंल ना?" असेल म्हटल्यावर ठराव पास.

आणि नरेश, खरं सांगतो, ती स्पर्धा अगदी क्रिकेटसारखी झाली. गाव विरुद्ध गाव. अन्वरभाईची मशीनं टेम्पोतून आली, गाद्यांमध्ये गुंडाळून, बाळंतिणीसारखी. हळदीचं शूटिंग करणाऱ्याकडून प्रोजेक्टर आणला. गोडाऊनच्या मधोमध पांढरा पडदा. पडद्याच्या अलीकडे तू आणि पब्लिक, तुझ्या मशीनवर दिसेल ते पडद्यावर. पलीकडे पाठ करून समोरचा खेळाडू, म्हणजे त्याला तुझं काही दिसू नये. केवढा चोख बंदोबस्त! काकांनी स्वतः पडद्याला टाचण्या मारल्या. आणि एवढं सगळं करून छताला चार भोंगे लावले, त्यातले दोन पडद्याच्या पलीकडे. क्रिकेटमध्ये कॉमेंट्री दोन्ही बाजूंना ऐकू येते, मग इथे का नको? कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पहिल्या दिवसापासून मी ओरडतोय, "वळच्या तिरंदाजांनी झाडीत दबा धरलाय", आणि समोरचा ते ऐकून झाडी पेटवतोय, आणि सगळे म्हणतायत, काय खेळतो राव, जणू दिसतंय त्याला!

तू कसाबसा फायनलला पोचलास. समोर दापोड्याचा रोशन. म्हणजे कामावर रोज तुझ्या शेजारी ट्रकवर चढून खोके उतरवून घेणारा तोच रोशन, पण त्या दिवशी गळ्यात हार घालून आलेला. फायनलच्या आधी तू माझ्याकडे आलास. मी घशात मध घालत होतो. तू म्हणालास, "काथोड, आज आवरू नको. येईल तसं बोल."

एवढंच. मला वाटलं, प्रेम आहे.

लढाई सुरू झाली. पडद्यावर तुझं सैन्य आलं. मूठभर पायदळ, आणि डोंगराच्या मागे तीन हत्ती. तीन. रोशनकडे किती घोडे आहेत ते आपल्याला दिसत नव्हतं, पण पलीकडून दापोड्याच्या पोरांचा जो आनंद ऐकू येत होता त्यावरून बक्कळ असावेत. आता तूच सांग, "तीन" हा काय माइकवर बोलायचा आकडा आहे? तीन हत्ती तर लग्नाच्या पत्रिकेवर पण असतात. मी श्वास घेतला आणि म्हटलं:

"मंडळी! डोंगराच्या मागं बघा, डोंगराच्या मागं! एक न्हाय, दोन न्हाय, पन्नास हत्ती! पन्नास! सुळे तासलेले, सोंडा वर, आन सकाळपास्नं उपाशी!"

पब्लिक हसलं. समोर तर तीनच दिसत होते. पण पडद्याच्या पलीकडे खुर्ची करकरली. मग दापोड्याचं कुणीतरी ओरडलं, "रोशन, घोडे मागं घे! हत्तीला घोडा बिथरतो!" तू एकदाच वळून माझ्याकडे बघितलंस. त्या नजरेचा अर्थ मी आजवर लावतोय.

मी काय थांबतो? मी हत्तींना जमीन उकरायला लावली. मी त्यांच्या पायाखाली गावची वेस हादरवली. मी एका हत्तीला चित्कार करायला लावला तो स्वतः करून दाखवला, आणि छपरावरची कबुतरं उडाली. रोशनने सगळे भालेवाले डोंगराकडे तोंड करून उभे केले, घोडे पार मागे नेले, आणि वाट बघत बसला. तुझे हत्ती? तुझे हत्ती उभे होते. त्यांनी कान पण हलवला नाही. आणि तेवढ्यात तुझं ते मूठभर पायदळ नदीच्या कोरड्या पात्रातून, पाहुणे जसे मागच्या दाराने जेवायला जातात तसं, रोशनच्या सेनापतीच्या मागे जाऊन पोचलं. सेनापती एकटा होता. पडला. त्याच्याबरोबर दापोड्याचं सैन्य फुटलं.

रोशन पडदा फाडूनच अलीकडे आला. पडद्यावर बघितलं. बोटाने मोजलं.

"तीन? आरं तीनच?"

प्रमुख पाहुण्यांनी पण मला विचारलं, "बाकीचे कुठं हायत हो?"

मी म्हटलं, "सत्तेचाळीस आनखी मागं हायत. जेवायला बसलेत."

दापोड्याने हरकत घेतली. कॉमेंट्रीवाल्याने फसवलं, चषक देऊ नका. कमिटी बसली. अर्धा तास नुसता आरडाओरडा. शेवटी काका उठले आणि म्हणाले, "कॉमेंट्री ऐकून कोन धाव घेतो काय? तो चेंडू कल्यानला गेला म्हनतो, तवा तुम्ही रिक्षा करून जाता का? चेंडू आपन बघायचा." चषक तुला मिळाला. प्रमुख पाहुण्यांनी हार चुकून माझ्या गळ्यात घातला, आणि तो मी परत केला नाही.

तिथून आपलं दुसरं भांडण सुरू झालं, जे तू अर्धवट सोडून गेलास. मी म्हणायचो, लढाई माझ्या तोंडाने जिंकली. तू म्हणायचास, हत्तींनी. मी म्हणायचो, हत्तींनी केलं काय? तू म्हणायचास, "उभे व्हते ना. ते उभे व्हते म्हनून तुझं खोटं उभं ऱ्हायलं. शून्य असते तर तू पन्नास बोलला असतास?"

मला खरं म्हणजे ते श्रेय नकोच होतं. मला एवढंच हवं होतं की तू सांगावंस, मुद्दाम केलंस की नाही. "येईल तसं बोल" म्हणालास, ते मला ओळखून म्हणालास का? म्हणजे मी तुझ्या फौजेत होतो, की नुसता भोंगा होतो, वाऱ्याने वाजलेला?

विचारलं नाही असं नाही. जिंकल्यावर आपण सगळे टेम्पोने अकलोलीला गेलो होतो, गरम पाण्याच्या कुंडावर, चषकाला पण आंघोळ घालायला. ते पाणी असं की मूठभर तांदूळ सोडले तर भात होऊन वर येतात. तू गळ्यापर्यंत बसला होतास, डोळे मिटून, देवासारखा. मी शेजारी जाऊन बसलो, म्हटलं, "नऱ्या, आता कोन ऐकत न्हाय. खरं सांग. मुद्दाम केलंस ना?"

"तीन," तू म्हणालास.

"किती ते न्हाय विचारलं. मुद्दाम केलंस का ते विचारलं."

तू नाक धरलंस आणि पाण्याखाली गेलास. अर्धा तास खाली होतास. (मला काळजी वाटू लागेपर्यंत होतास, हे तरी धर.) वर आलास तो उकडलेल्या कोळंबीसारखा लाल, आणि म्हणालास, "पानी गरम हाय."

झालं उत्तर.

त्यानंतर गोष्ट माझी झाली. हळदीला, साखरपुड्याला, गावकीच्या जेवणाला, जिथे चार माणसं बसली तिथे मी डोंगर उभा करायचो आणि त्यामागे पन्नास हत्ती. पन्नासच्या वर मी कधी गेलो नाही, हे लक्षात असू दे. खोटं बोलणाऱ्यालाही एक लाज असते. आणि दर वेळी, मी "पन्नास" म्हटलं की मागच्या भिंतीकडून, वर न बघता, तुझा आवाज यायचा: "तीन." हशा तिथे पडायचा. माझ्या पन्नासवर नाही, तुझ्या तीनवर. मला त्याचा राग यायचा. एकदा चिडून म्हटलं, "तू माझी गोष्ट मोडतोस." तू म्हणालास, "मी मोजतो फक्त." मोजणं तुझं कामच होतं.

रोशन तुझा दोस्त झाला, ते मात्र मला बरीच वर्षं झेपलं नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याबरोबर डबा खायचा म्हणजे काय? पण तो सभेला आला होता. तिसऱ्या रांगेत, दापोड्याच्या चार-पाच जणांबरोबर. मनू पहिल्या रांगेत, दोन वेण्या, पाय खुर्चीवरून लोंबकळत. शेजारी वहिनी, पदर डोक्यावर.

मी माइक घेतला. लोक सरसावून बसले. अरे, शोकसभा असली तरी माइक माझ्या हातात होता, लोकांची काही अपेक्षा असते. मी जे झालं ते सांगितलं. मैदान नव्हतं म्हणून गोडाऊन. पडदा. रोशन. "येईल तसं बोल" म्हणालास ते. आणि मग म्हटलं, "डोंगराच्या मागं नरेशचे हत्ती होते." थांबलो. वहिनीकडे बघितलं. "तीन."

कुणी हसलं नाही, कुणी मान पण हलवली नाही. तुझा आकडा नुसता उघडा पडला होता, त्याच्या आधी उभं राहायला माझा पन्नास नव्हता. लोकांना वाटलं, काथोडची तब्येत बरी नाही. एकाने पाण्याची बाटली पुढे केली.

मग मनू उठली. "काका, चुकलं."

"काय चुकलं गं?"

"तीन न्हाय. सत्तर होते."

वहिनीने तिचा हात ओढला. "मनू, खाली बस."

"पण पप्पांनी सांगितलंय! रोज सांगायचे. शाळेत सोडताना, गाडीवर." आणि नरेश, तुझी मुलगी, तू जिला एक खोका कमी-जास्त होऊ न देता वाढवलंस ती, माइकशिवाय, चौथ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागली. सत्तर हत्ती होते. डोंगर लहान पडत होता म्हणून थोड्यांना बसवलं होतं. एकालाही पप्पांनी मरू दिलं नाही, एकाला बाण लागला तर त्याला पाण्यात नेलं. "आणि काका, सगळ्यात पुढच्या हत्तीवर तुम्ही होतात. भोंगा घेऊन. पप्पा म्हणायचे, काथोडकाका पुढं नसले तर हत्ती हलतच न्हाय. तुम्ही ओरडलात आणि सगळे पळाले. मग सगळे हत्ती अकलोलीला आंघोळीला गेले."

मी माइक खाली घेतला. माझ्या हाताला तो जड झाला होता असं काही मी म्हणणार नाही. माइक माइकएवढाच होता.

भर सभेत तीन, तीन म्हणत माझी जिरवायची, आणि दापोड्याच्या रस्त्यावर, सकाळी, पोरीला टाकीवर बसवून, सत्तर! माझ्यापेक्षा वीस जास्त! कुणी ऐकत नाही असं बघून! आणि वर मला, कुंडात नाक धरून ज्याचं उत्तर दिलं नाहीस त्या मला, पहिल्या हत्तीवर बसवून ठेवलंस, रोज, शाळेच्या फाटकापर्यंत.

पण मी शब्द दिला होता. मी वहिनीकडे बघितलं. ती मनूकडे बघत होती. साफ दिसत होतं, तिलाही हे सगळं आत्ताच कळत होतं. मी म्हटलं, "वहिनी, मी तीनच बोललो व्हतो."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "व्हय. जे झालं तेच बोला म्हनाले मी." तिने मनूची वेणी पुढे घेतली, रिबीन नीट केली. "पन हे रोज गाडीवर सांगायचे, ते बी झालंच की."

तेव्हा तिसऱ्या रांगेतून रोशन उठला. मला वाटलं, आता हा बोटाने मोजणार. तो म्हणाला, "पोरगी बरोबर बोलते. सत्तरच व्हते. मी समोर व्हतो, मला ठाव." आणि खाली बसला. दापोड्याच्या बाकीच्यांनी माना हलवल्या. एवढी वर्षं तीन हत्तींकडून हरलेलं गाव एका मिनिटात सत्तर हत्तींकडून हरलं, आणि सगळ्यांची छाती पुढे आली.

मंडपात जरा हालचाल झाली. कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक पुसलं, पिशव्यांच्या रांगेतली एक पिशवी पडली. आणि मग आमचे काका, आता ऐकायला कमी येतं पण हरकत घ्यायची सवय गेलेली नाही, काठी टेकून उभे राहिले. "काथोड, अकलोलीचं कुंड म्या बघितलंय. त्या कुंडात सत्तर हत्ती मावतील काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मनू पण. तिला उत्तर हवं होतं, आणि ते बरोबर हवं होतं.

मी सवयीने मंडपामागच्या भिंतीकडे बघितलं. तुझ्या आवाजाला लागायचा तेवढा वेळ थांबलो. मग माइक तोंडाजवळ घेतला.

"मावतील," मी म्हटलं. "आळीपाळीनं. एका टायमाला तीन."